विहिरीनंतरची कविता

"मॅडम, शोभाताईले कवितेतल्या विहिरीपाशीच थांबवा," समितीचे अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले. "पुढचं घरातलं हाय. आपल्याच माणसायची बदनामी चारचौघात कायले?"

आर्णीच्या एका बुद्धविहाराचं अंगण भरलं होतं. जयंतीचं कविसंमेलन, सूत्रसंचालन माझ्याकडे. म्हणजे कवीला बोलावायचं, दोन शब्द गोड बोलायचे आणि वेळेत खाली बसवायचं. तिसऱ्या कामात माझं दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत नाव आहे. मी चिठ्ठी पाठवत नाही. नुसती जाऊन शेजारी उभी राहते. भलेभले कवी अर्धी ओळ गिळून बसलेत.

शोभाताई अंगणवाडी सेविका. तिचे यजमान समितीतच, पहिल्या रांगेत. ती आधीच म्हणाली होती, "ताई, पुरी वाचू द्या. हे समोर आहेत. पुन्हा हिंमत नाही व्हायची."

मी "बघू" म्हटलं आणि यादीत तिच्या नावापुढे दोन मिनिटं लिहिली.

तिनं वाचायला घेतलं. गावानं बंद केलेली विहीर, नवरा-बायकोनं मिळून दिलेला लढा. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, शेजारी जाऊन उभी राहिले.

तिचा चेहरा उजळला. "बरं झालं आल्या, ताई. हे स्टँड खाली घसरून राह्यलं. माइक धरता का? मले दोन्ही हात लागतात."

मी धरला. समोर आलेला माइक न धरणं मला जमत नाही.

"विहीर आपण मिळून खुली केली.
आता सांग,
माझ्या तोंडावरचा तुझा हात
कोण काढणार?"

अध्यक्ष हातवारे करत होते. मी डोळ्यांनीच माइक दाखवला. मागच्या बायकांतून एक म्हातारी म्हणाली, "पुन्हा म्हण वो, बाई." शोभाताईनं पुन्हा म्हटलं. माझा खांदा भरून आला, मी हात बदलला. यजमान मान खाली घालून बसले होते. पण उठून गेले नाहीत.

"तुम्ही तिले थांबवाले गेलत्या ना?" अध्यक्षांनी नंतर विचारलं.

"गेले होते. हात अडकले."

पुढच्या वर्षी समितीनं दुसरा सूत्रसंचालक शोधला. मला तिथल्या महिला मंडळानं बोलावलं. शोभाताईचा माइक धरायला.

कार्यक्रमाआधी तपासायच्या गोष्टींची माझी यादी आहे: आवाज, पाणी, क्रम, स्टँडचा स्क्रू. त्यातला स्क्रू मी आता खोडलाय.