मावशीची राखलेली जागा

आमच्या बाजारात एक रीत होती. एखादी बाई लग्नाला, दवाखान्यात किंवा माहेरी गेली, तर शेजारची तिच्या जागेवर आपला माल पसरून ठेवायची. रिकामी जागा दिसली की दोन दिवसांत बाहेरचा कोणी येऊन बसतो आणि मग उठत नाही, म्हणून. ती परत आली की आपला माल आवरायचा, ती चहा पाजायची, झालं. कुठे लिखापढी नव्हती.

माझ्या डाव्या हाताला वलगावची मावशी बसायची. नात्यातली नाही, मीच म्हणायचे मावशी. घरच्या वावरातला पालक, आंबाडी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन पहिल्या गाडीने यायची आणि दिवसभर बोलायची. मी लिंबू, मिरची, आलं विकते. मला चार लोकांत बोलता येत नाही. कोणी भाव पाडला की मावशीच माझ्या वतीने भांडायची. "तिले बोलता येत नाई म्हून का फुकट नेता बाप्पा? ठेवा ते लिंबं खाली!"

तिच्या मुलीचं बाळंतपण आलं, अकोल्याला. जाताना म्हणाली, "सव्वा महिना लागन पोरी. माही जागा पायजो."

मी मान हलवली.

तेव्हा बाजार मरायला टेकला होता. गिरणी बंद पडून जमाना झाला. शिकलेली मुलं पुण्याला गेली, मागे राहिलेले म्हातारे पावशेर वांगी घेतात. पावसाळ्यात तर चिखलामुळे कोणी आत येत नव्हतं. मग कोपऱ्यावर मोठा फलक लागला. मी चौथी शिकले आहे, जोडाक्षर आलं की थांबते, पण उभी राहून सगळा वाचला. थोडा निधी सरकारचा, थोडा पैसा बिल्डरचा, आणि बाजार नवा होणार. वरचे मजले बिल्डर विकणार, खाली आम्ही जुने बसणारे. लोक सांगत होते, ज्याची जागा लहान त्याला सिमेंटचा ओटा, ज्याची मोठी त्याला शटरचा गाळा.

मावशी अकोल्यालाच होती आणि सर्वेवाले आले. एकाजवळ फीत, दुसऱ्याजवळ मोबाईल. माझा माल दोन्ही जागांवर पसरलेला होता, हिरव्या मिरचीचा ढीग मावशीच्या पोत्यावर. फीतवाल्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत फीत धरली आणि विचारलं, "हे सगळं तुमचंच ना, काकू?"

त्याने विचारलं होतं. मी म्हणाले, "हो."

कोणाला वाटेल मी घाबरून गप्प राहिले आणि त्याने लिहून घेतलं. तसं झालं नाही. एरवी अनोळखी माणसासमोर माझा आवाज निघत नाही, त्या दिवशी लगेच निघाला. रोज संध्याकाळी माल डोक्यावर घरी न्यायचा, मान आखडायची. शटर असलं तर कुलूप लावून मोकळ्या हाताने जाता येईल, एवढंच मनात आलं. मावशी आली की सांगून तिचंही नाव घालता येईल, असंही मी स्वतःला समजावलं. ते मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.

मावशी नातवाचे पेढे घेऊन आली. मी माल आवरून तिची जागा मोकळी केली. "माय वं, चांगली राखली जागा!" म्हणत तिने पेढा माझ्या तोंडात घातला.

यादी लागली तेव्हा ती मला भिंतीपाशी घेऊन गेली. तिला वाचता येत नाही. "वाच ना वं, माहा कितवा नंबर आहे?"

मी दोनदा वाचली. माझं नाव होतं, पुढे गाळा लिहिलं होतं. तिचं नाव नव्हतं.

"काहून नाई?"

"तू सर्वेच्या दिवशी नव्हती ना मावशी."

हे खरंच होतं, म्हणून मला सहज बोलता आलं.

ती मला महापालिकेच्या कचेरीत घेऊन गेली, साक्षीदार म्हणून. तिथल्या बाबूने सांगितलं की शेजारणीने लिहून द्यावं, ही बाई कुठे बसायची आणि किती फूट जागा होती. त्याने कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. तेवढे फूट माझ्या मापातून गेले असते आणि गाळ्याचा ओटा झाला असता. मी फरशीकडे पाहत उभी राहिले.

"बोला बाई," तो म्हणाला.

"साहेब, ती लाजते," मावशी म्हणाली. "अशा जागी तिचं तोंडच उघडत नाई. मी सांगतो, तुमी लिवा."

"तुम्ही सांगून कसं चालेल? हिने सांगितलं पाहिजे."

"मंग काहून दमदाटी करून राहिले तिच्यावर? पाहा, घाम फुटला तिले."

तिने मला हाताला धरून बाहेर आणलं, पायऱ्यांवर बसवलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. मी प्याले.

बाजार खरोखर चांगला झाला. छत आहे, दिवे आहेत, नळ आहे. आधी आम्ही बाया दुपारपर्यंत पाणी पीत नव्हतो, जायला जागा नव्हती म्हणून. आता बायांसाठी वेगळे संडास आहेत. राजापेठेतल्या बाया स्कूटी घेऊन येतात, पार्किंगमध्ये लावतात, भाजी घेतात. सरकारला किंवा बिल्डरला दोष देऊन मोकळं होण्याची सोय मला नाही.

मावशी माझ्या गाळ्याच्या पायरीवर बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हिनं बसू देलं म्हून. नाई त आजकाल कोन कोनाले बसू देते?" लोक माझ्याकडे कौतुकाने पाहायचे. मी लिंबं निवडत राहायचे. तिला चहा मी पाजायचे, जाताना आलं-मिरची तिच्या टोपलीत टाकायचे, आणि त्याने माझी आणखी स्तुती व्हायची.

एक दिवस बिल्डरचा मॅनेजर आला. "पायरीवर बसायचं नाही. या बाईला उठवा, नाहीतर तुमचा गाळा रद्द होईल."

मावशी घाईने उठली. "तिचं काई चुकलं नाई बाप्पा. मीच बसतो जबरदस्तीनं. तिले काई म्हनू नका."

माझ्यासाठी ती त्याच्यापुढे हात जोडत होती. मला उभं राहवेना. मी म्हणाले, "यातली अर्धी जागा तिची आहे साहेब. माप घेतलं तेव्हा ती अकोल्याला होती. त्यांनी विचारलं, मी सगळी माझी सांगितली."

"ते तुमचं तुम्ही पाहा. पायरी मोकळी करा," म्हणून तो गेला.

मावशीच्या हातात सांभाराची जुडी तशीच होती.

"मंग त्या कचेरीत तू लाजली नोयती," ती म्हणाली.

"नाही."

"आन् मी त्या मानसाले सांगत होतो, ती लाजते."

तिने टोपली भरली आणि भर दुपारी निघून गेली. मी शटर ओढलं नाही, विकलंही काही नाही.

ती आता येणार नाही असं धरून मी दुसऱ्या दिवशी गाळा उघडला. ती पहिल्या गाडीने आली. टोपली उचलून आत आणली, पायाने माझे क्रेट बाजूला सारले, पोतं अंथरलं आणि बसली. मी कचेरीतून अर्ज आणला, तिचं नाव घालायचा. तिने अंगठा दिला नाही. "कागद राहू दे तुह्याजवळ," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. गिऱ्हाइकांशी पूर्वीसारखीच बोलते.

परवा एका बाईने पालक घेताना विचारलं, "दोघींचा आहे का हा गाळा?"

"नाई. हिचा आहे," मावशी म्हणाली आणि सुटे पैसे मोजू लागली.

मी "दोघींचा" म्हणाले, पण आवाज निघेपर्यंत ती बाई पिशवी घेऊन पुढे गेली होती.