बाईंना मोकळं करतो

माझी बायको एवजी बाई होती. एवजी म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरची. एखादी मास्तरीण आजारी पडली, बाळंतपणाला गेली की हिला बोलावणं यायचं. ती परत आली की हिनं फळा पुसून घरी यायचं. निजामाचं राज्य गेलं, आमच्या शाळांत उर्दूच्या जागी मराठी आली, आणि मराठी शिकवणारं माणूस मिळेना. ही सोलापूरकडची, सातवी पास. मी उर्दूच्या तीन इयत्ता करून बैलगाडीवर बसलेला. भुसार माल वाहायचो.

त्या साली निंबर्ग्याच्या अलीकडं एका गावात मुलींच्या शाळेवर ती होती. तिथंच खोली घेतली होती. पक्की बाई बाळंतपणाला गेलेली, आणि हिला स्वतःला सातवा. ही गोष्ट तिनं दाबून ठेवली होती. पदर पुढं ओढून उभी राहायची. परीक्षेपर्यंत एकही खाडा झाला नाही तर ट्रेनिंगला पाठवू, मग पक्की करू, असं तिला सांगितलं होतं. तिचा सगळा जीव त्यात.

मी म्हणायचो, "एक दिस घरी ऱ्हा की. पाय बघ कसे सुजायलेत."

"एवजीला एवजी नसतो," ती म्हणायची.

मला रोज भीती. माझी आई बाळंतपणातच गेली. "मोकळी झाली न्हाई," एवढंच बायका म्हणाल्या होत्या. आमच्याकडं बाळंत होण्याला मोकळं होणंच म्हणतात. हे मी बायकोला कधी सांगितलं नाही.

एका सकाळी तिला ताप भरला. उठली, भिंत धरली, खाली बसली.

"आज तुमी जावा शाळेत."

"मी? मला काय येतंय?"

"पोरींस्नी येतंय. हजेरी घ्या, पाढे म्हणून घ्या. कुणी इचारलं तर म्हणा, बाई आत्ताच घरी गेल्यात, येतील."

बुजलेला बैल आवरलाय मी. पण त्या पोरींपुढं खडू कसा धरायचा तेच कळेना. फळ्यावर वीस लिहायला गेलो तर दोनापुढं टिंब दिलं. उर्दूत शून्याचं टिंबच असतं, हाताला तीच सवय.

पुढची एक पोरगी ओरडली, "मास्तर, विसाला टिकली लावलासा!"

"बाईंची हाय गं, घरनं आणलीया!" दुसरी म्हणाली.

पोरी खिदळत होत्या आणि दारात कुणीतरी उभं राहिलं. सायकल भिंतीला टेकवलेली. तपासणीचे साहेब. पोरी पटापट उठून उभ्या राहिल्या.

"बाई कुठं आहेत?"

पढवलेलं उत्तर विसरलो. "ताप हाय साहेब. सातवा हाय तिला. मी नवरा हाय तिचा." सगळं एका दमात बाहेर पडलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. मला बसा म्हणाला. शाळेच्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काळजी करू नका. बाईंना मोकळं करतो."

मी दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पोरींना सुट्टी दिली आणि पळत घरी आलो.

"साहेब आलते. लई भला माणूस. तू सुखरूप सुटतीस बघ. आपल्या तोंडानं बोललेत."

ती उठून बसली. "काय बोलले? जसंच्या तसं सांगा."

"बाईंना मोकळं करतो, म्हणाले."

"करतो म्हणाले, का होतील म्हणाले?"

"करतो."

ती म्हणाली, "त्यो काय सुईण हाय व्हय मला मोकळं करायला? कामावरनं काढलं मला."

आठ दिवसांत नवी एवजी बाई आली. कोवळी पोर, आमच्या दारात उभी राहून घाबरून बोलत होती. हिनं तिला हजेरीचा कागद दिला. म्हणाली, "खिडकीपाशी बसती त्या पोरीला लांबचं दिसत न्हाई. पुढं बसवा. आनि खाडा करू नका." मी आत, दाराआड. बायकोसमोर यायला भीत होतो.

पोरगी झाली. दोघी नीट राहिल्या. शाळेचं बोलावणं मात्र पुन्हा आलं नाही. मी माफी मागितली नाही. जीव वाचला की, आणखी काय पाहिजे, असं मला वाटायचं. तिलाही तसंच वाटायचं का, ते विचारायचं धाडस उभ्या जन्मात झालं नाही. गेल्या साली ती गेली.