वरणाची पहिली पळी

“सयपाक शिकाले कॉलेजात काऊन जा लागते वं?”

धाड गावाहून आलेली मावशी विचारत होती. उत्तर दिलं तिच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या मोठ्या आईनं, थोरल्या काकूनं. “सयपाक नाही, आहाराचं शास्त्र हाय थे. दवाखान्यात पेशंटले बिनतेलाचं, बिनमिठाचं देतात ना, थे.”

“मंग थे त मलेबी येते. मीठ टाकाचं इसरलं का झालं.”

दोघी हसल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी हिरव्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसले होते. आत तुरीची डाळ शिजत होती. हळदीचा, हिंगाचा तो उबदार वास जानेफळच्या या घरात सुट्टीला आल्याचं मला दरवेळी आधी सांगतो. त्या सकाळी मात्र तोच वास नकोसा झाला. कारण डाळ शिजली की पुढे काय होणार, हे मला ठाऊक होतं.

अकोल्याच्या कॉलेजात आहारशास्त्राचं माझं हे शेवटचं वर्ष. आमच्या वर्गात हल्ली एकच विषय असतो, पुढे काय? कुणाला मोठ्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ व्हायचं आहे, कुणाला पुण्यात जाऊन खेळाडूंचं खाणंपिणं पाहायचं आहे, कुणी शाळांच्या पोषण आहारावर देखरेख करण्याच्या परीक्षेला बसणार आहे, तर कुणी फोनवरून लोकांची वजनं उतरवून देणार आहे. मी मनाशी ठरवलं होतं बिस्किटांच्या कारखान्यातली प्रयोगशाळा. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, पिठातला ओलावा मोजायचा आणि आकडा लिहून टाकायचा. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. बुजऱ्या माणसाला नोकरी निवडताना पगाराच्याही आधी हा हिशेब करावा लागतो, हे तुम्हाला कधी जाणवलं आहे का? इंग्रजी शाळेत वाढल्यामुळे माझं ज्ञान सगळं इंग्रजीत साठलेलं, आणि घरातली माणसं वऱ्हाडी बोलणारी. चुलतभाऊ मला मॅडम म्हणतात. मी तोंड उघडलं की वाक्य पुस्तकासारखं निघतं, मग हशा होतो, मग मी पुन्हा मिटून घेते.

पण घरात अंशू होता. चुलतभावाचा मुलगा, आठव्या महिन्यातला. डोळे मोठे, मनगटं काडीसारखी. त्याचं उष्टावण झालं तेव्हापासून मोठी आई रोज एक नेम पाळते. वरण शिजलं की ते घोटायच्या आधी, वर आलेलं पिवळं निवळ पाणी पहिल्या पळीनं अंशूच्या चांदीच्या वाटीत. कर्त्या पुरुषांची ताटं त्यानंतर. डाळीचा सारा कस वरच्या पाण्यात उतरतो, घट्ट दिलं तर लेकराचं पोट फुगतं, अशी तिची श्रद्धा. तीच वाटी दुपारी, तीच संध्याकाळी. पोट टम्म भरायचं, लेकरू झोपायचं, आणि घर समाधानानं म्हणायचं, कसं शहाणं आहे, रडत नाही. अंगणवाडीच्या ताईंनी मात्र वजन केलं, तेव्हा काटा मागच्या महिन्याच्याच जागी थांबला होता. मोठी आई दुखावली. “त्यायच्या काट्यालेच रोग हाय,” म्हणाली.

कोणता रोग आणि कुठे, हे मला दिसत होतं. बाळाला डाळीचं नुसतं पाणी का पुरत नाही, तोंडी परीक्षेत याच प्रश्नाचं उत्तर मी श्वास न घेता दिलं होतं. मग घरच्या चुलीपुढे तेच उत्तर का देता येऊ नये? परीक्षेत समोर प्राध्यापक असतात. इथे जिनं मला न्हाऊमाखू घातलं, ती बाई होती. तुझ्या वाटीत नुसतं पाणी आहे असं तिला सांगणं म्हणजे तिची माया पातळ आहे असं म्हणणं तर होणार नाही ना?

आदल्या दिवशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना वहिनीनं, अंशूच्या आईनं, मला हळूच अडवलं होतं. “ताई, तुमी शिकून राह्यल्या ना. तुमीच सांगा. मी बोलली त म्हणतीन, काल आली अन् आमाले शिकवते.” मी मान हलवली. होकार होता की नकार, मलाच कळलं नाही. रात्रभर मी ते वाक्य इंग्रजीत जुळवत होते. मराठीत आणलं की ते तुटत होतं.

आता कुकरचं झाकण निघालं. वाफ छताला गेली. डाळीवर पाणी स्थिर झालं होतं, इतकं सुंदर, इतकं सोनेरी, की त्यात काहीच नाही यावर कुणाचा विश्वास बसावा? मोठ्या आईनं पळी अलगद वरच्या वर बुडवली. अंशू वहिनीच्या मांडीवर जीभ बाहेर काढून वाट पाहत होता. वहिनी वाटीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मावशी काहीतरी सांगत होती, ते मला ऐकू येईना. सांबाराची काडी माझ्या बोटांत चुरगळली. प्रयोगशाळेतही शेवटी जे मोजायचं, ते असंच कुणाच्या तरी तोंडाशी जाणार ना? मग तिथे कोट घालून उभं राहायचं आणि इथे चार पावलांवर बसून राहायचं, याला शिक्षण कसं म्हणावं?

पळी वाटीवर आली. मी उठले. तोंडून आवाज आला तो माझ्या ओळखीचा नव्हता.

“मोठी आई, थांब. वरचं पाणी नको देऊ त्याले. त्यानं पोट भरते, पण अंगाले लागत नाही. खालची डाळ घोट, तूप टाक, अन् घट्टच दे. पोट फुगलं त मले बोल.”