एल्कसाठी निवडलेली गोळी

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत नोव्हायला राहायचो. तिथे ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राने माझ्या नवऱ्याला शिकारीचा नाद लावला. रविवारी सकाळी आमच्याकडे बुद्धवंदना व्हायची. जीवहत्या करणार नाही, असं आम्ही हात जोडून म्हणायचो. आणि संध्याकाळी हाच माणूस जेवणाच्या टेबलावर रायफलच्या गोळ्या मांडून बसायचा. मला भयंकर संताप यायचा.

"अगं, स्वस्तातली गोळी खांद्याच्या हाडावर फुटते," तो मला समजावायचा. "जनावर जखमी होऊन पळतं आणि जंगलात कुठेतरी तडफडत राहतं. ही महागडी फुटत नाही, थेट फुप्फुसात जाते. मारायचंच तर हाल करून मारू नये."

"मग मारूच नकोस ना!" मी भांडी आपटत म्हणायचे.

त्या वर्षी एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला कोलोराडोला जायचं ठरलं. पुष्कळ खल करून त्याने गोळी निवडली. पण निघायच्या आधीच त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. त्याने ट्रिप कॅन्सल केली आणि गोळ्यांचा खोका मित्राला देऊन टाकला.

नोव्हेंबरात मित्र हॉस्पिटलमध्ये भेटायला आला. "तुझी निवड अचूक होती," तो म्हणाला. "एकाच गोळीत एल्क जागच्या जागी कोसळला. त्याला कळलंसुद्धा नसेल."

नवरा कितीतरी दिवसांनी हसला. "बरं झालं," म्हणाला.

त्यानंतर तो मार्चपर्यंत मरत होता.