करंगळी नसलेली बाई: नांदेड ते लातूर, एका चित्रामागून

माझं चित्र माझ्याआधी नांदेडला पोचलं होतं. शबाना आणि तिचा एक मित्र, दोघंही चित्रकार, नव्या चित्रांची एक फिरती स्पर्धा चालवतात. पाठीशी ना सरकार, ना गॅलरी. चाळीस चित्रं टेम्पोत घालायची, नांदेड, कंधार, मुखेड करत लातूरला न्यायची आणि तिथं बक्षीस जाहीर करायचं. माझं 'प्रतीक्षा' निवडलं गेलं आणि मी नाशिकहून निघायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "मुखेडकडं कशाला जातेस? आपलं गाव धरणात गेलं. तिथं आपलं कोणी नाही." गावाबद्दल ते याहून जास्त कधीच बोलले नव्हते.

रेल्वेनं सकाळी नांदेडला उतरले. स्टेशनबाहेर गरम सुशीला मिळतो, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वर शेंगदाणे. तो खाऊनच पुढं जा, दुपारी उन्हात भूक मरते. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये एक परीक्षक माझ्या चित्रासमोर उभे होते. चित्रात बारव आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिच्या तोंडाशी दगडावर पाठमोरी बसलेली बाई, शेजारी पालथी घागर, दगडात तीन गोल खळगे. सगळं मनातून काढलेलं.

"डाव्या हाताला चारच बोटं आहेत," परीक्षक म्हणाले. "मुद्दाम?"

मी जवळ जाऊन बघितलं. करंगळी नव्हती. चार महिने त्या चित्रावर काम केलं आणि मला ते दिसलं नव्हतं. मी "हो" म्हणाले. खोटं बोलले.

कंधारला एसटीनं दीड तास. सकाळी निघाल तर उजवीकडं बसा, ऊन डावीकडून येतं. दुष्काळाचं तिसरं वर्ष. रस्त्याला हिरवं काही नाही, नुसते टँकर, आणि गावाच्या तोंडाशी रिकाम्या घागरींच्या रांगा. माणसं सावलीला गेलेली, रांगेत घागरीच उभ्या. प्रदर्शन एका शाळेत होतं. बाकीच्या चित्रांसमोर लोक हसत-बोलत होते, माझ्यापाशी आले की आवाज खाली जायचा. शाळेच्या शिपायानं मला विचारलं, "म्याडम, ही बाई कवा उठनार?" तो थट्टा करत नव्हता.

मुखेडला बाजाराचा दिवस होता. भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी बाजाराजवळच्या खानावळीत चांगली मिळते, पाण्याची बाटली मात्र आपली आपण न्या. दुपारी पिशवी घेतलेली एक म्हातारी सावलीसाठी हॉलमध्ये शिरली. कोंडाबाई तिचं नाव. माझ्या चित्रासमोर आली आणि पिशवी खाली ठेवली.

"सोजर," ती म्हणाली. "ही सोजर हाय."

माझ्या आजीचं नाव सोजराबाई. बाबा दहा वर्षांचे असताना ती गेली. तिचा एकही फोटो नाही.

"कशावरून म्हणता?" मी विचारलं.

"विळ्यानं करंगळी गेली व्हती तिची. अशीच बसून राहायची दगडावर. तिच्या लोकास्नी बारवंत उतरू देत नव्हते. वरून कुणी पाणी घातलं तर घागर भरायची." मग तिनं मला निरखलं. "तू कोणाची गं माय?"

मी सांगितलं. ती पुन्हा चित्राकडं वळली. मग म्हणाली, "पाणी मीच घालायची. बारा वर्साची व्हते. येक दिवस माय म्हनली, आज घालायचं न्हाई. न्हाई घातलं. दिवस मावळला तरी ती बसूनच. दुसऱ्या दिशी लेकराला घिऊन गाव सोडलं तिनं."

मी बाहेर जाऊन बाबांना फोन केला. आजीचा हात कसा होता, एवढंच विचारलं. "डाव्या हाताला करंगळी नव्हती," ते म्हणाले. "पण मी तुला हे कधी सांगितलेलं नाही."

"धरण आटलंय," मी आत आल्यावर कोंडाबाई म्हणाली. "गाव वर आलंय. चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शबानाच्या टेम्पोतून आम्ही तिघी गेलो. धरणाचा तळ भेगाळलेला, शिंपल्यांनी भरलेला. मासेमारांची होडी कोरड्यात कलंडलेली. घरांच्या भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या, पण उंबरे जागच्या जागी. पाखरू नाही, कुत्रं नाही. शबाना सारखी मागं वळून बघत होती. "कोई है क्या पीछे?" तिनं दोनदा विचारलं. कोणी नव्हतं.

बारव होती. तोंडाशी दगड होता. दगडात घागरी ठेवून ठेवून झिजलेले तीन खळगे होते, ज्या अंतरावर मी काढले होते, त्याच अंतरावर.

कोंडाबाईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. टँकरचं पाणी, तिच्या वाट्याचं. "ओंजळ धर, माय," ती म्हणाली.

माझे हात आपोआप वर आले होते. मी ते खाली घेतले. "वरून नको, आजी. बाटली माझ्या हातात द्या."

तिला समजायला क्षण लागला. मग दिली. मी तोंड लावून प्यायले, तिच्याकडं परत केली. त्याच बाटलीला तोंड लावून तीही प्यायली, आणि त्या दगडावर बसून रडली.

पुढं उदगीरवरून लातूर, एसटीनं तीन-चार तास. उदगीरला चहा घ्या. तिथं नव्या जिल्ह्याचीच चर्चा होती. एका दुकानानं तर पाटीवर 'जिल्हा उदगीर' रंगवूनही टाकलं होतं. "व्हतोय की आता!" मालक म्हणाला. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि लॉजवर आंघोळीला अर्धी बादली मिळाली. निलंगा राईस मात्र पोटभर. बक्षीस दुसऱ्याला मिळालं, योग्य माणसाला मिळालं. मी फक्त चित्राखालची 'प्रतीक्षा'ची चिठ्ठी काढली आणि 'सोजराबाई' लिहून लावली.

घरी बाबांनी चित्र खूप वेळ पाहिलं. "पाठमोरी का?" ते म्हणाले. "तिला वळव."

तेव्हापासून नवा कॅनव्हास लावलाय. संध्याकाळी बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि सांगतात, कपाळ रुंद, कान लहान, हनुवटीवर गोंदण. मला इतक्या वर्षांत न मिळालेलं गाव असं थोडं थोडं मिळतंय. डोळ्यांपाशी आलं की मात्र ते गप्प होतात.

काल ते असेच गप्प असताना मी डोळे रंगवून टाकले. बाबा उठून जवळ आले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.