वहिनींची तालीम

पडदा वर गेला आहे असं समजा. फोटो स्टुडिओची मागची खोली. एका भिंतीला दिव्यांचे स्टँड, दुसरीला संगणक, आणि त्याच्यापुढे कंबर कसून बसलेल्या वहिनी. साऱ्या गल्लीच्याच त्या वहिनी, पण खरा हक्क स्टुडिओच्या मालकाचा, कारण तो त्यांचा सख्खा धाकटा दीर.

गिऱ्हाइकांचे फोटो ज्या दूरच्या सर्व्हरवर ठेवायचे, तो तुडुंब भरला होता. शाळेच्या स्पर्धांचे फोटो चढेनात, पालकांचे फोन थांबेनात. जुने फोल्डर एफटीपीने, म्हणजे इथूनच सर्व्हरला हुकूम देऊन, काढून टाकायला वहिनींनी पर्ल नावाच्या संगणकभाषेत हुकमांची एक स्क्रिप्ट लिहिली होती, पन्नाशीनंतर शिकून. ती फोल्डरमधले फोटो चाटूनपुसून साफ करी, पण रिकामा फोल्डर काही हटेना. सर्व्हरचं एकच पालुपद, असा फोल्डरच नाही. आणि तो तर समोर ढळढळीत दिसत होता!

"वहिनी, आजही जमलं नाही," दीर म्हणाला, "तर काम बाहेरच्या कंपनीला देतो. तुम्ही आपल्या पुन्हा अल्बम चिकटवायला बसा."

वहिनी तडक उठल्या. अडलेली स्क्रिप्ट स्वतः वठवून बघायची, ही त्यांची जुनी खोड.

"चला भावजी, तुम्ही सर्व्हर."

"मी? आणि करायचं काय?"

"सांगेन तेवढंच करायचं. डोकं चालवायचं नाही."

"एवढंच ना? जमेल."

"तुम्हाला जमणारच!"

मेकअपची खोली झाली फोल्डर. वहिनी बाह्या सरसावून आत शिरल्या. खुर्ची, आरसा, विगांची टोपली, सगळं भराभर बाहेर. एक सोनेरी विग सर्व्हरच्या डोक्यावर. खोली मोकळी होताच त्यांनी आतूनच हुकूम सोडला, "आता मी उभी आहे तिथली मेकअपची खोली काढून टाका!"

"तिथे कुठली मेकअपची खोली? तुम्हीच तिच्यात उभ्या आहात की!"

मग आतून हसण्याचा असा धबधबा कोसळला, की बाहेरच्या खोलीतलं गिऱ्हाईक डोकावलं.

"अगं बाई! मी बाहेर यायचंच विसरले!"

स्क्रिप्टही तेच करत होती. फोल्डरमध्ये शिरायची, तो रिकामा करायची आणि आतच उभी राहून त्याला शोधायची. वहिनींनी एक ओळ घातली, आधी बाहेर ये. जुने फोल्डर पटापट नाहीसे झाले, शाळेचे फोटो सरसर चढू लागले, आणि भावजी विगसकट टाळ्या पिटू लागले.

तेवढ्यात त्या बाहेरच्या कंपनीचा फोन आला, काम कधी देताय म्हणून. भावजींनी ओशाळून तो वहिनींपुढे धरला.

"नको हो," वहिनी फोनवर म्हणाल्या, "आमच्याकडे घरचंच माणूस आहे. आणि ते फार हुशार आहे."