संगणकावरची शाल

टँकरच्या पाण्याला परत वास येऊ लागला, म्हणून काल सुलभाकडे गेलो. ती एकटीच बातम्यांची वेबसाइट चालवायची. तिच्या बंद संगणकावर एक जांभळी शाल पांघरलेली होती. मी ती लगेच ओळखली, कारण मीच ती तिच्या खांद्यावर घातली होती. मागच्या वेळी टँकरवाल्याची लबाडी तिनंच उघड केली, तेव्हा सोसायटीनं तिचा सत्कार केला होता. माइकवर ती एवढंच म्हणाली होती, "वेबसाइटचे वर्गणीदार व्हा." सगळे कौतुकानं हसले. "अहो, तुमची प्रत्येक बातमी आम्ही ग्रुपवर टाकतो!" सेक्रेटरी म्हणाले होते. वर्गणी मीही भरली नाही.

निर्भीड माणसं आपल्याला फार आवडतात. त्यांचं पोट कशावर चालतं, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

"बंद केलंस?"

"हो काका. परवडेना. शाली मात्र ढीगभर आहेत, धूळ बसणार नाही."

परतताना जिन्यात सेक्रेटरी भेटले. त्यांना सांगितलं, तर हळहळले. "अरेरे! छोटासा निरोप समारंभ करू या. शाल तुम्हीच आणा, मागची छान होती."